भट्टीवरचा हार

दसऱ्याच्या सकाळी वैजीनाथनं लेकीला, नातवाला आणि बायकोला आपल्या हातानं त्या मोटारीत बसवलं, आणि मोटारीच्या चारही चाकांना हळद-कुंकूही आपल्याच हातानं लावलं. हे आधी सांगून टाकलेलं बरं. पुढं त्यानं दैवाला, देवाला, आईला आणि मोटारीच्या मालकाला मनातल्या मनात भरपूर बोल लावले, पण बसवलं होतं त्यानंच.

मोटार परमेश्वरची. परमेश्वरचं परभणीत बियाणे-खताचं दुकान होतं, पण जीव सगळा जुन्या गाड्यांत. हैदराबादहून त्यानं निजामाच्या काळातली एक बुटकी मॉरिस आणली होती. लग्नात नवरदेव मिरवायला ती भाड्यानं द्यायची, असा बेत. तिची चाकं सायकलीसारखी, तारांची. तारांचं क्रोम उडालं होतं, जागोजाग गंज चढला होता. "गंजक्या चाकावर नवरदेव बसत न्हाई," असं परमेश्वरचं म्हणणं. म्हणून चार चालती चाकं आणि एक स्टेपनी, सगळी नव्यानं क्रोम चढवायला जिंतूर रोडवरच्या वैजीनाथच्या कारखान्यात आली.

कारखाना आपला म्हणायचा. पत्र्याचं शेड, त्यात तेजाबाचा म्हणजे ॲसिडचा, निकेलचा आणि क्रोमचा असे हौद, एक घासायची मशीन, आणि मागच्या भिंतीला वाकून आत शिरता येईल एवढी पत्र्याची भट्टी. पण काम चोख. बुलेटचे सायलेन्सर आणि ट्रॅक्टरचे दांडे तिथून असे निघायचे की गिऱ्हाईक आधी त्यात तोंड बघून मिशी सारखी करायचं.

हे काम वैजीनाथ तरुणपणी हैदराबादला एका उस्तादाच्या हाताखाली शिकला होता. उस्ताद तोंडाचा फाटका, पण एक गोष्ट पढवल्यासारखी रोज सांगायचा. "तेजाब लोहे के पेट में जाके बैठता मियाँ. आग बताए बगैर माल बाहर नक्को देना." पोलादी तार हौदात बुडाली की तिच्यात वायू शिरतो. वरून ती आरशासारखी दिसते आणि आतून खारी बिस्किटासारखी ठिसूळ होते. हौदातून काढल्याबरोबर रात्रभर भट्टीत शेकली, तर तो वायू निघून जातो. न शेकता ताणली तर कधी तुटेल त्याचा नेम नाही. तासाभरानं तुटेल, दोन दिवसांनी तुटेल, नुसती उभी ठेवली तरी तुटेल.

हे वैजीनाथला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. माणसाला माहीत नसतं म्हणून चुका होतात, असं कोण म्हणतं कोण जाणे.

घाई सगळी दसऱ्याची होती. वैजीनाथची लेक ऋतिका बाळंतपणाला माहेरी आली होती. दसऱ्याच्या मुहूर्तावर तिला आणि तान्ह्याला जिंतूरला सासरी पोचवायचं ठरलं. परमेश्वरच्या कानावर हे गेलं तसा तो उड्या मारतच आला. "वैजीनाथराव, नातू माझ्या गाडीत जाऊ द्या. बाळराजाची पहिली स्वारी! व्हिडिओ काढतो, लग्नसराईत माझ्या कामाला येतोय." एवढा मान कोण नाकारतो? तारा सोडवून एकेक वेगळी करायला वेळ नव्हता, म्हणून अख्खी चाकंच हौदात बुडवायचं ठरलं. त्यात अष्टमीला दिवसभर लाइट गेली. चाकं हौदातून निघायला नवमीचा दिवस उजाडला.

आणि नवमी म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांना विसावा. पाने, हातोड्या, कानशी धुऊन पाटावर मांडायच्या, हळद-कुंकू वाहायचं, आणि दसऱ्याची पूजा होईस्तोवर त्यातलं काही उचलायचं नाही. वैजीनाथची माय, दगडाबाई, हे दरसाल स्वतः करायची. वैजीनाथ शेवटचं निथळतं चाक घेऊन वळला, तर म्हातारीनं भट्टीवर कुंकवाची बोटं ओढून तिच्या दाराच्या कडीत झेंडूचा हार अडकवलेला. हार काढल्याशिवाय दार उघडणार नव्हतं.

तो चाक हातात घेऊन तसाच उभा राहिला. मनात पाल चुकचुकली. पण पूजेतली भट्टी पेटवायची कशी? शिवाय जागरणानं अंग आंबलं होतं. खरं कारण हार होता की आंबलेलं अंग, हे त्याचं त्यालाच ठाऊक. 'छोटी गाडी, हळू चालनारी,' त्यानं मनाशी म्हटलं, 'एका रात्रीनं काय होतंय?' संध्याकाळी परमेश्वर येऊन चार चाकं टायर चढवायला घेऊन गेला. स्टेपनीसाठी त्या मापाचं पाचवं टायर मिळालं नव्हतं, म्हणून ती कारखान्यातच भिंतीला टेकून राहिली.

दसऱ्याला मोटार दारात आली, तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली. चाकं अशी लखलखत होती की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. परमेश्वर फेटा बांधून चालवायला, शेजारी जावई प्रीतम, मागं ऋतिका बाळाला घेऊन आणि तिच्या सोबतीला मालनबाई, वैजीनाथची बायको. परमेश्वरनं भोंगा वाजवला आणि गाडी निघाली. वैजीनाथचा ऊर भरून आला होता. तो मायला घेऊन कारखान्यात पूजा उचलायला गेला.

दगडाबाई निर्माल्य गोळा करत होती. वैजीनाथ पाने पुसून खुंटीला लावत होता. तेवढ्यात टिंग असा आवाज झाला. बारीक, गोड, पैंजणाचा घुंगरू तुटून फरशीवर पडावा तसा.

"काय पडलं रं?" म्हातारीनं विचारलं.

वैजीनाथनं मागं बघितलं. काहीच पडलं नव्हतं. मग त्याची नजर स्टेपनीवर गेली. चाकातली एक तार मधल्या तुंब्यापाशी तुटून बाहेर आली होती, आणि अजून थरथरत होती. त्यानं जवळ जाऊन तुटलेलं टोक बघितलं. ना वाकलं होतं, ना ताणलं होतं. खडू मोडावा तसं सरळ मोडलं होतं.

त्याच घडीला त्यानं फोन लावायला पाहिजे होता. नाही लावला. फोन लावायचा म्हणजे कारण सांगायचं. परमेश्वर गावभर करणार, वैजीनाथचं काम कच्चं म्हणून. जावयासमोर, व्याह्यांसमोर काय तोंड दाखवायचं? एकच तर तार तुटली, चाकात एवढ्या तारा असतात, एखादी आधीचीच खराब असेल. असं तो स्वतःला समजावत बसला, आणि तिकडं मोटार पुढं पुढं चालली होती. भीतीपेक्षा लाज जड झाली की माणूस असा बसतो.

टिंग. आणि लागलीच पुन्हा, टिंग.

आता मात्र त्याला स्वतःला समजावता येईना. हे चाक भिंतीला टेकून उभं होतं. त्याच्यावर ना मोटारीचं ओझं, ना माणसांचं. ना त्याला खड्डा लागला होता, ना ब्रेक. तरी ते आपोआप तुटत होतं. आणि ह्याच हौदातून, एकाच दिवशी निघालेली त्याची चार भावंडं जिंतूर रोडवर धावत होती. वर त्याचा नातू होता.

त्यानं ऋतिकाला फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. प्रीतमला लावला. तेच. परमेश्वरला लावला, तेच. प्रत्येक घंटीला त्याला डोळ्यांसमोर चाक आडवं पडताना दिसायला लागलं. बाळ झोपलं म्हणून ऋतिकानं सगळ्यांचे फोन मुके करून ठेवले होते, हे त्याला नंतर कळलं. त्या वेळी त्याला एवढंच वाटलं की उचलायला तिथं कुणी उरलेलं नाही.

"काय झालं? तोंड कामून असं पडलंय?" दगडाबाई जवळ आली.

"माय, चाकं शेकायची राहिली. काल तू भट्टीला हार घातला, म्हनून म्या..."

म्हातारी त्याच्याकडं बघतच राहिली. "अरे मुडद्या, मला सांगायचं की! म्याच हार काढला असता. लेकरापेक्षा भट्टी मोठी हाय का? देवीला काय कळत न्हाई का?"

हे त्याला चपराकीसारखं लागलं, कारण ते खरं होतं. त्यानं विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर भट्टी पेटवावी लागली असती. हार निमित्ताला बरा सापडला होता.

तो मोटारसायकल काढून निघाला. निघताना दोन पाने पिशवीत टाकले, कशासाठी ते त्यालाही कळलं नाही. शहर सुटलं, तशी दोन्ही बाजूंना कापसाची रानं लागली, कुठं कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुड्या. एरवी तो कुणाचं पीक कसं आहे हे बघत जायचा. आज त्याचे डोळे फक्त डांबरावर होते. 'आई भवानी, माझं काय बी कर, पन लेकराला...' पुढं काय मागायचं ते सुचत नव्हतं. तेच तेवढं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

झरीच्या अलीकडं रस्त्यात काहीतरी चकाकलं. त्यानं करकचून ब्रेक मारला, गाडी तशीच टाकून धावत गेला. कुणीतरी फेकलेला गुटख्याच्या पुडीचा चमचमता कागद होता. तो उचलून त्यानं उलटसुलट करून बघितला, जणू त्यातूनही काही वाईट निघेल. मग स्वतःचाच राग येऊन तो पुन्हा निघाला.

झरीच्या फाट्यावर चहाच्या हॉटेलापुढं माणसं बसली होती. "जुनी मोटार गेली का वो इकडून?" त्यानं गाडी चालू ठेवूनच विचारलं.

"गेली की! हितंच थांबली होती. समद्यांनी फोटो काढले." हॉटेलवाला हौसेनं पुढं आला. "चाकं काय चमकायलीत वो, लय झकास! कुनी केलीत म्हनायची?"

आयुष्यभर ज्या कौतुकासाठी हात तेजाबानं पोळून घेतले, ते कौतुक आज कानात शिसं ओतल्यासारखं वाटलं. त्यानं गाडीची मूठ पिळली.

बोरीच्या पुढं एका लांबलचक चढावर त्याला मोटार दिसली. आधी त्याला देवच पावल्यासारखं झालं. ती चालत होती, सरळ चालत होती, मागच्या काचेतून मालनबाईचा अंबाडा आणि त्यातला गजरा दिसत होता. तो जवळ गेला तसं मात्र त्याला वेगळंच दिसलं. डाव्या बाजूचं मागचं चाक डुलत होतं. नीट बघितल्याशिवाय कळू नये इतकंच, दारू प्यालेला माणूस ताठ चालायला बघतो तसं. आणि फिरताना त्यातून तुटक्या तारांची टोकं उन्हात चमकून जात होती. एक नाही, दोन नाही, बरीच.

चढ संपत आला होता. पुढं उतार आणि उताराच्या तळाशी ओढ्यावरचा अरुंद पूल, दोन्ही कठडे पुरानं कधीचे नेलेले. हा रस्ता वैजीनाथला तळहातासारखा माहीत होता.

भोंगा वाजवावा, तर परमेश्वरला वाटणार कुणी हौसेनं पुढं जायला बघतंय, आणि तो गाडी आणखी दामटणार. ओरडावं, तर दचकून ब्रेक मारणार. ब्रेकचा सगळा झटका तारांवरच येतो, आणि त्या झटक्यात उरलेल्या तारा एकदम गेल्या तर? काही केलं तरी मरण, नाही केलं तरी मरण.

शेवटी त्यानं मोटारसायकल हळूहळू मोटारीच्या उजव्या अंगाला घेतली. परमेश्वरच्या खिडकीशी आला आणि चेहऱ्यावर हसू आणलं. ते हसू कसं आणलं, ते देव जाणे. एका हातानं 'हळू, हळू' अशी खूण करत राहिला, लहान लेकराला थोपटून निजवावं तसा हात खालीवर करत.

"अरे वैजीनाथराव! तुमी?" परमेश्वर खिडकीतून ओरडला. "काय राहिलं का घरी?"

"हळू घ्या! ब्रेक नका मारू! नुसता पाय काढा!"

"उतार हाय की पुढं! गाडी सोडून देतो, व्हिडिओ काढायचाय!"

"नका सोडू, तुमच्या पाया पडतो! पाय काढा! कडंला घ्या!"

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, परमेश्वरचं हसू मावळलं. त्यानं पाय काढला. चढानंच मोटारीचा वेग खाल्ला. ती रडतखडत माथ्यापाशी आली, कडेच्या मातीत शिरली आणि थांबली. थांबताना आतून टिंग, टिंग असा दोनदा आवाज झाला. आता तो सगळ्यांनी ऐकला.

"उतरा," वैजीनाथ म्हणाला. "बाळाला घेऊन आधी ऋतिका. दाराला धक्का देऊ नका. सावकाश."

सगळे उतरून कडेच्या बाभळीखाली गेले. परमेश्वर मात्र चाकापाशी वाकला. "गाडीला घातलेल्या हारातली तार अडकली असंल," तो म्हणाला, पण त्याचा आवाज त्यालाच पटत नव्हता. वैजीनाथनं पिशवीतून पाना काढला आणि चाकातल्या एका धडधाकट दिसणाऱ्या तारेवर हलकेच टेकवला. मारला नाही, टेकवला. तार कट्‌ करून मोडली. त्यानं शेजारच्या तारेवर टेकवला. तीही मोडली. एवढी आरशासारखी लखलखीत तार, आणि वाळल्या काडीची तिची गत.

परमेश्वर मागं सरला आणि मातीत बसकण मारली. "आन् म्या ही गाडी उतारावर सोडनार होतो," तो म्हणाला. त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला. मालनबाईनं नवऱ्याकडं बघितलं, मग पुलाकडं बघितलं, आणि तोंडाला पदर लावला.

ऋतिका बाळाला घेऊन उभी होती. बाळ अजून झोपलेलंच होतं. तिनं मोडलेल्या तारांकडं बराच वेळ बघितलं. ती ह्याच कारखान्यात खेळून मोठी झाली होती. भट्टीत काय जातं आणि का जातं, हे तिला सांगायची गरज नव्हती.

"पप्पा," ती म्हणाली, "तुमाला काल ठावं होतं?"

"अगं, मामाला कसं ठावं असंल?" प्रीतम मध्ये पडला. "ठावं असतं तर बसवलं असतं का आपल्याला?"

जावयानं सुटायला वाट करून दिली होती. नुसती मान हलवायची होती. वैजीनाथला त्या क्षणी मोटारीमागं धावताना वाटली नव्हती एवढी भीती वाटली. लेक आता काय म्हणेल, पुन्हा कधी दारात येईल का, नातवाला पाठवेल का, हे सगळं एकदम त्याच्या छातीवर बसलं.

"होतं," तो म्हणाला. "शेकायची राहिली, हे ठावं होतं मला. आज स्टेपनी तुटली तरी म्या लाजंपायी लगेच फोन न्हाई केला. बसून राहिलो."

रस्त्यावरून उसाची मोळी लादलेली एक बैलगाडी गेली, गाडीवान वळून वळून चाकांकडं बघत गेला.

ऋतिका पुढं आली. वैजीनाथला वाटलं, ही आता तोंडावर काहीतरी बोलेल. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं बाळ त्याच्यापुढं धरलं.

"धरा."

"बाई, माझे हात थरथरायलेत. पडंल ते."

"थरथरू द्या. धरा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात जराही नव्हतं. "बस येईस्तोवर तुमीच धरायचं. कुनाकडं द्यायचं न्हाई."

त्यानं हात पुढं केले. तेजाबानं डागलेले, नखांत काळं बसलेले ते हात त्याला स्वतःलाच परके वाटले. बाळ त्यांच्यात आलं, ऊबदार, कापसाच्या पेळूएवढं हलकं. त्यानं झोपेतच तोंड उघडलं, मिटलं, आणि आजोबाच्या छातीला गाल लावला. तेवढ्यानं वैजीनाथला हुंदका दाटून आला. पण हुंदक्यानं अंग हलेल आणि बाळ निसटेल, म्हणून त्यानं तो तसाच गिळला.

ऊन चढत होतं. मालनबाईनं पदराची सावली बाळाच्या तोंडावर धरली, नवऱ्याकडं मात्र बघितलं नाही. बऱ्याच वेळानं जिंतूरची बस चढावर दिसली. प्रीतमनं हात करून ती थांबवली. ऋतिका सामान घेऊन पायरीपाशी गेली, वळली, आणि बाळ मागायला हात पुढं न करता तशीच उभी राहिली. कंडक्टर घाई करत होता. वैजीनाथ बाळाला घेऊन एकेक पाऊल जपून टाकत निघाला. बस दहा हातांवर होती, आणि एवढा लांबचा रस्ता तो जन्मात चालला नव्हता.